लहान व्यवसायासाठी विमा निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकान, गाळा, वर्कशॉप, गोदाम किंवा घरगुती उद्योग चालवणाऱ्या महाराष्ट्रातील व्यावसायिकांकडून विम्याबाबत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आयुर्विमा आणि व्यक्तिगत आरोग्य विमा हे विषय यात घेतलेले नाहीत.

विमा घ्यायचा ठरवल्यावर सुरुवात कुठून करावी?

पॉलिसीच्या नावांपासून सुरुवात करू नये. आधी कागद घेऊन आपल्या व्यवसायात काय काय आहे आणि त्यांतील कोणती गोष्ट गेली तर धंदा उभा राहणार नाही, हे लिहून काढावे: इमारत, यंत्रे, कच्चा व तयार माल, फर्निचर, गल्ल्यातील रोकड, वाटेवरचा माल, कामगार, आणि दुकानात येणारे ग्राहक. काच फुटली किंवा चार दिवसांची रोकड गेली, तर बहुतेक व्यावसायिक ते नुकसान पचवू शकतात. सगळा साठा एका रात्रीत जळाला किंवा एखाद्या कामगाराचा यंत्रावर मृत्यू झाला, तर पचवू शकत नाहीत. हप्त्यासाठी बाजूला काढलेला पैसा आधी या दुसऱ्या प्रकारच्या धोक्यांवर खर्च व्हायला हवा. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडलेले दिसते: मोबाइल, लॅपटॉप आणि दुकानाच्या पाटीचा विमा असतो, पण मालाची विमा रक्कम निम्मीसुद्धा नसते.

आगीच्या विम्यासाठी कोणती पॉलिसी घ्यावी?

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून आगीच्या व संबंधित धोक्यांसाठी प्रमाणित पॉलिसी आणल्या आहेत. एका ठिकाणच्या विमायोग्य मालमत्तेचे एकूण मूल्य पाच कोटी रुपयांपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि पाच कोटींहून अधिक, पण पन्नास कोटींपर्यंत असेल तर ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ लागू होते. येथील ‘सूक्ष्म’ आणि ‘लघु’ या शब्दांचा उद्यम नोंदणीतील वर्गवारीशी संबंध नाही. नोंदणीत सूक्ष्म असलेल्या उद्योगाच्या एकाच गोदामात सहा कोटींचा माल असेल, तर त्याला लघु उद्यमाचीच पॉलिसी घ्यावी लागेल.

या पॉलिसींची मूळ शब्दरचना सर्व कंपन्यांत सारखी असल्यामुळे तुलना करणे सोपे झाले आहे. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल व संप यांतील नुकसान, टाक्या व नळ फुटणे, दहशतवादी कृत्ये इत्यादी धोके मूळ संरक्षणातच येतात. अशा घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीही त्यात धरली जाते. शटर तुटलेले दुकान पुरानंतर रात्रभर उघडे राहते, तेव्हा ही तरतूद किती मोलाची आहे ते कळते. मात्र एरवी झालेली चोरी, यंत्रातील बिघाड आणि बंद काळातील नफा यांत नसतो. त्यांचे प्रश्न पुढे आले आहेत.

विमा रक्कम किती ठेवावी?

नुकसानभरपाईचे बहुतेक वाद पॉलिसीच्या प्रकारावरून नव्हे, तर या एका आकड्यावरून होतात, म्हणून हे उत्तर सविस्तर दिले आहे.

समजा, दुकानात प्रत्यक्ष ४० लाखांचा माल आहे आणि हप्ता वाचवण्यासाठी विमा २४ लाखांचाच घेतला आहे. आगीत १० लाखांचा माल जळाला. ‘विमा २४ लाखांचा आहे, म्हणजे १० लाख पूर्ण मिळतील’, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु सरासरीच्या नियमानुसार मालाचा जेवढा हिस्सा विम्याखाली होता तेवढाच हिस्सा नुकसानीतून मिळतो. येथे तो ६० टक्के आहे, त्यामुळे भरपाई सहा लाखांची. उरलेल्या चार लाखांसाठी विमाधारक स्वतःच स्वतःची विमा कंपनी ठरतो. वर सांगितलेल्या सूक्ष्म व लघु उद्यम पॉलिसींमध्ये १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ केली जाते, ही मोठी सोय आहे. पण वरील उदाहरणातील कमतरता ४० टक्क्यांची आहे.

मालाची किंमत खरेदी खर्चाने, म्हणजे वाहतूक व हमालीसह दुकानात पडलेल्या दराने धरावी. विक्रीचा नफा त्यात धरू नये. आता जीएसटीचा मुद्दा, जो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नष्ट झालेल्या, चोरीला गेलेल्या किंवा हरवलेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार परत करावे लागते. म्हणजे माल जळाल्यावर त्यावरचा करही आपल्या खिशातून जातो. विमा रक्कम ठरवताना हा कर धरला नसेल, तर भरपाईतून तो मिळण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून प्रस्ताव अर्ज भरण्यापूर्वी आपल्या लेखापालाला हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

यंत्रे व इमारतीसाठी पुनर्स्थापना मूल्याचा, म्हणजे तशीच नवी वस्तू आज घ्यायला किंवा बांधायला किती खर्च येईल, त्याचा आधार घ्यावा. ताळेबंदातील घसारा वजा केलेली किंमत येथे उपयोगाची नाही. बारा वर्षांपूर्वीचे लेथ मशीन पुस्तकात काही हजारांवर आले असेल, पण आज नवे घ्यायला लागणारे पैसे काही लाखांत असतात. इमारतीच्या रकमेत जमिनीची किंमत धरू नये, कारण जमीन जळत नाही.

हंगामी धंद्यात आणखी एक अडचण येते. पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांचेच पाहा: वर्षभर हळूहळू वाढत जाणारा साठा गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यांत सर्वाधिक होतो, आणि नेमका तोच काळ मुसळधार पावसाचा असतो. जानेवारीतील साठ्यावर ठरवलेली विमा रक्कम जुलैत अपुरी पडणारच. अशा व्यवसायांनी सर्वोच्च साठ्यावर विमा घ्यावा किंवा हंगामापूर्वी जादा हप्ता भरून पॉलिसीत वाढ करून घ्यावी. ठराविक मुदतीने साठा जाहीर करून हिशेब पूर्ण करण्याची पद्धतही उपलब्ध असते, पण ती वेळेवर कागद पाठवण्याची शिस्त असलेल्यांनीच स्वीकारावी.

बँकेने कर्जासोबत विमा काढून दिला आहे. तो पुरेसा नाही का?

अनेकदा नसतो. बँकेचे लक्ष आपल्या तारणावर असते, त्यामुळे कॅश क्रेडिटची (मालाच्या तारणावरील फिरत्या कर्जाची) मर्यादा २० लाख असेल तर विमाही २० लाखांचा निघाल्याचे दिसते. दुकानात माल ३५ लाखांचा असला, तर सरासरीचा नियम येथेही लागू होतो. शिवाय पॉलिसीवर बँकेचे कलम असल्याने भरपाईची रक्कम आधी बँकेकडे जाते. पॉलिसीची प्रत बँकेकडून मागून घ्यावी आणि चार गोष्टी तपासाव्यात: पत्ता, मालाचे वर्णन, विमा रक्कम, मुदत. गोदाम बदलले असूनही पॉलिसीवर जुनाच पत्ता राहून गेल्याची प्रकरणे सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करून अहवाल देणाऱ्या मंडळींना नवी नाहीत. नूतनीकरण बँक करेल, असे गृहीत धरण्यापेक्षा मुदत संपण्यापूर्वी स्वतः लेखी विचारणा केलेली बरी.

आमचा बाजार पूररेषेत येतो. विमा मिळेल का?

मिळतो, आणि पूर हा प्रमाणित पॉलिसीच्या मूळ धोक्यांपैकीच आहे. तरीही जुन्या धर्तीच्या किंवा खास बनवलेल्या पॉलिसींमध्ये वादळ-पुराचा धोका वगळून हप्ता कमी करण्याची मुभा पूर्वीपासून होती. त्यामुळे स्वस्त दर आला की आधी हे कलम पाहावे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २६ जुलै २००५ रोजी मुंबईसह कोकणात पुराने असेच थैमान घातले होते. अशा ठिकाणी विमा न घेता राहणे हा जुगार आहे, आणि पावसाळा तोंडावर आल्यावर घाईने पॉलिसी शोधणे हा त्याहून फारसा वेगळा प्रकार नाही.

पुराच्या पाहणीत सर्व्हेअर भिंतीवरील पाण्याची खूण मोजतो, त्या उंचीपर्यंत कोणत्या फळीवर कोणता माल होता ते विचारतो आणि तो आकडा साठा वही, खरेदी बिले व जीएसटी विवरणपत्रांशी ताडून पाहतो. खूण साडेचार फुटांवर आणि नुकसान मात्र माळ्यावरच्या गठ्ठ्यांचेही दाखवलेले, असे झाले की संपूर्ण दाव्याकडे संशयाने पाहिले जाते. चिखल धुण्यापूर्वी ती खूण, फूटपट्टी लावून, तारीख-वेळ दिसेल अशी छायाचित्रित करावी. वह्या दुकानातच भिजल्या तर पुरावा कुठून आणणार? म्हणून हिशेबाची प्रत इंटरनेटवर किंवा घरी ठेवावी. भिजलेला माल परवानगीशिवाय फेकू नये. आरोग्याच्या कारणाने नगरपालिकेने तो उचलायला लावला, तर तसा कागद घ्यावा.

गाळा भाड्याचा आहे, किंवा आमच्याकडचा माल दुसऱ्याचा आहे. विमा कोणी घ्यायचा?

ज्याचे नुकसान होणार, त्याला विमा घेता येतो. इमारतीचा विमा मालकाने घ्यावा; भाडेकरूने आपला माल, फर्निचर आणि स्वखर्चाने केलेली अंतर्गत सजावट यांचा घ्यावा. करारात दुरुस्तीची जबाबदारी भाडेकरूवर टाकलेली असेल तर ती बाबही विमा कंपनीला सांगावी.

दुसऱ्याच्या मालाचा मुद्दा मात्र फार दुर्लक्षित आहे. इचलकरंजीतील खर्चीवाले यंत्रमागधारक व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणतात. माग त्यांचे, सूत व्यापाऱ्याचे. आग लागली तर ‘विमाधारकाचा माल’ एवढेच लिहिलेल्या पॉलिसीत ते सूत येत नाही. विश्वस्त म्हणून किंवा जॉब वर्कसाठी ताब्यात असलेल्या मालाचा उल्लेख पॉलिसीत स्पष्ट असायला हवा, आणि त्याची किंमतही विमा रकमेत धरलेली हवी. शिंपीकाम, सोनारकाम, छपाई आणि दुरुस्तीची दुकाने यांनाही हेच लागू आहे.

चोरीच्या विम्यात सगळी चोरी येते का?

नाही. घरफोडी विम्यात आत शिरताना किंवा बाहेर पडताना बळाचा वापर झाल्याची खूण लागते: तुटलेले कुलूप, वाकवलेले शटर, फोडलेली खिडकी. ग्राहकाने दिवसाढवळ्या वस्तू लांबवणे किंवा साठा मोजताना माल कमी भरणे यात बसत नाही. कर्मचाऱ्याने केलेल्या अपहारासाठी निष्ठा हमी विमा वेगळा असतो. रोकडीसाठीही वेगळे कलम असते. त्यात तिजोरीतील, गल्ल्यातील आणि बँकेत नेतानाची रोकड यांच्या मर्यादा स्वतंत्र असतात, आणि तिजोरीची किल्ली रात्री तिथेच ठेवली तर दावा अडचणीत येतो. सगळाच साठा एका रात्रीत चोरीला जाणे कठीण असल्याने एकूण मूल्याच्या ठराविक टक्क्यांपर्यंतच घरफोडी विमा घेण्याची सोय अनेक कंपन्या देतात. ती जड मालाच्या दुकानाला सोयीची असते. मोबाइल किंवा चांदीच्या दुकानाने ती घेऊ नये.

शॉर्टसर्किटने यंत्र जळाले तर आगीच्या विम्यातून भरपाई मिळते का?

ज्या मोटरमध्ये किंवा पॅनेलमध्ये शॉर्टसर्किट झाले ती वस्तू साधारणपणे वगळलेली असते. तेथून पसरलेल्या आगीत इतर मालमत्तेचे झालेले नुकसान मिळते. त्या मूळ यंत्रासाठी यंत्र बिघाड विमा, संगणक व तत्सम उपकरणांसाठी इलेक्ट्रॉनिक उपकरण विमा आणि बॉयलरसाठी त्याचा स्वतंत्र विमा लागतो. एकाच महागड्या यंत्रावर सगळे उत्पादन अवलंबून असेल, तर यंत्र बिघाड विमा घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. चार जुन्या, सहज दुरुस्त होणाऱ्या यंत्रांसाठी तो परवडतोच असे नाही.

दुकान दोन-तीन महिने बंद राहिले तर त्या काळातील नुकसान कोण देते?

आगीची पॉलिसी वस्तूंची भरपाई देते, गेलेल्या नफ्याची नाही. त्यासाठी नफाहानी विमा असतो. त्यात निव्वळ नफा आणि धंदा बंद असतानाही चालू राहणारे खर्च, म्हणजे भाडे, पगार, व्याज यांचा समावेश करता येतो. मूळ मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मान्य झाल्यावरच तो लागू होतो. कोविडच्या टाळेबंदीत असे दावे टिकले नाहीत, याचे मुख्य कारण हेच होते: दुकाने बंद होती, पण मालमत्तेचे भौतिक नुकसान झालेले नव्हते. भरपाईचा कालावधी ठरवताना यंत्र मागवून बसवायला लागणाऱ्या महिन्यांत ग्राहक परत येईपर्यंतचा काळही मिळवावा.

कामगारांसाठी कोणता विमा आवश्यक आहे?

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. जे या योजनेत येत नाहीत, त्यांच्या अपघाताची भरपाई कायद्याने मालकावर येते. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

रक्कम किती असू शकते, याचा अंदाज बहुतेक छोट्या मालकांना नसतो. कामावर मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे, ही १९२३ च्या कायद्यातील पद्धत संहितेतही कायम आहे. तीस वर्षे वयासाठी गुणक २०७.९८ आहे. वेतन १५,००० धरले तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कामगाराची चूक होती, असे म्हणून मृत्यूच्या प्रकरणात ही जबाबदारी सहसा टळत नाही. या जबाबदारीसाठी कर्मचारी भरपाई विमा घ्यावा. त्याचा हप्ता जाहीर केलेल्या वेतनावर ठरतो, म्हणून वेतन कमी दाखवू नये आणि कंत्राटदाराची माणसे वगळू नयेत. समूह अपघात विमा हे चांगले पाऊल आहे, पण तो या कायदेशीर जबाबदारीला पर्याय ठरत नाही.

माल वाहतूकदाराकडे दिला की जबाबदारी त्याचीच नाही का?

अंशतः. रस्ते वाहतूक कायदा, २००७ व त्याखालील नियमांनुसार, अधिक मूल्य जाहीर केलेले नसेल तर सामान्य वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित राहते. चार हजार भाड्याच्या ट्रकमध्ये सहा लाखांचा माल असेल, तर वाहतूकदाराकडून चाळीस हजारच. म्हणून मार्गस्थ माल विमा लागतो. त्यातील ‘अ’ प्रकारात वगळलेल्या बाबी सोडून सर्व धोके येतात. ‘ब’ प्रकारात आग, टक्कर, वाहन उलटणे यांसारखे नमूद धोकेच येतात. काच, फरशी किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू पाठवणाऱ्यांनी ‘ब’ घेऊन पैसे वाचवू नयेत. नुकसान दिसल्यावर पोहोचपावतीवर शेरा मारावा आणि माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी. ती दिली नाही तर विमा कंपनीचा वसुलीचा हक्क बुडतो आणि त्याचा फटका आपल्याच दाव्याला बसतो.

ग्राहकाला इजा झाली किंवा आमच्या वस्तूमुळे नुकसान झाले तर?

ओल्या फरशीवर घसरून पडलेला ग्राहक, अंगावर कोसळलेली पाटी, यांसाठी सार्वजनिक दायित्व विमा असतो; खाद्यपदार्थ, सौंदर्यप्रसाधने, विद्युत उपकरणे बनवणाऱ्यांना उत्पादन दायित्व विमा हवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि ठराविक परिस्थितीत विक्रेताही त्याच्या कक्षेत येतो. घातक रसायने विहित प्रमाणात हाताळणाऱ्यांसाठी १९९१ च्या कायद्यानुसार सार्वजनिक दायित्व विमा सक्तीचा आहे.

मसाले, पापड, डबे यांचा व्यवसाय घरातूनच चालतो. घराचा विमा चालेल ना?

नाही. घराच्या विम्यात विक्रीसाठी ठेवलेला माल व व्यवसायाची यंत्रे धरली जात नाहीत. त्याच पत्त्यावर सूक्ष्म उद्यमाची पॉलिसी घ्यावी आणि व्यवसाय घरातून चालतो हे अर्जात लिहावे. खासगी नोंदणीच्या गाडीतून पैसे घेऊन डबे पोचवत असाल, तर तेही वाहन विमा कंपनीला सांगावे.

दुकानदार पॅकेज घ्यावे की वेगवेगळ्या पॉलिसी?

किराणा, कापड, स्टेशनरी, औषधे यांच्या एका दुकानासाठी पॅकेज सोयीचे असते: एकच मुदत, एकच कागद. पण प्रत्येक विभागाची मर्यादा वेगळी पाहावी. दोन गोदामे, जॉब वर्क किंवा मोठी यंत्रे असतील तर वेगळ्या पॉलिसीच बऱ्या. अनेक ठिकाणी फिरणाऱ्या साठ्यासाठी फ्लोटर पद्धत (सर्व ठिकाणांसाठी मिळून एकच विमा रक्कम) मागावी, मात्र सर्व पत्ते लिहून द्यावेत. सल्ला कोणाकडून घ्यायचा हाही प्रश्न असतो. एजंट विमा कंपनीचे प्रतिनिधित्व करतो, तर ब्रोकर ग्राहकाचे. दोघांचाही कस दाव्याच्या वेळी लागतो, म्हणून आपल्याच बाजारातील ज्याला भरपाई मिळाली आहे अशा व्यापाऱ्याला विचारावे.

नुकसान झाल्यावर पहिल्या दिवशी काय करावे?

आग असेल तर अग्निशमन दल, चोरी असेल तर पोलीस आणि दोन्ही वेळा विमा कंपनी, यांना त्याच दिवशी कळवून लेखी पोच घ्यावी. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी प्रयत्न करावेत. उरलेला माल झाकणे किंवा हलवणे यात गैर नाही. नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमणे, त्यानंतर १५ दिवसांत अहवाल मिळवणे आणि अहवालानंतर सात दिवसांत निर्णय देणे कंपनीकडून अपेक्षित आहे. सर्व्हेअरने मागितलेले कागद ई-मेलने पाठवावेत, म्हणजे विलंब कोणाकडून झाला हे पुढे दाखवता येते. हप्त्याचा धनादेश वटला होता ना, हेही पाहून ठेवावे, कारण विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही.

दावा नाकारला किंवा फार कमी रक्कम देऊ केली तर कुठे जावे?

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर एकल मालकीचे व्यवसाय व सूक्ष्म उद्योग विमा लोकपालाकडे जाऊ शकतात. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचे अधिकार त्यांना आहेत. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात त्याच विषयाचे प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. म्हणून कोणता मार्ग धरायचा ते आधी ठरवावे, आणि ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या पावतीवर सही करण्यापूर्वी आपली हरकत कंपनीला लेखी कळवून ठेवावी.